वाचकांचे प्रश्न : टेनेसीचे आमदार हॅरी बर्न

गेल्या अंकात अमेरिकेतील स्त्रियांच्या मताधिकारावर एक टिपण होते. त्यात टेनेसी राज्याचे आमदार हॅरी बर्न यांच्याबद्दल एकच ओळ होती: १८ ऑगस्ट १९२० रोजी २४ वर्षांच्या या आमदाराने आईच्या पत्रानंतर आपली बाजू बदलली आणि घटनादुरुस्ती मंजूर झाली. त्या ओळीवर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. ज्या उत्तराला जास्त जागा लागली तिथे ती दिली आहे.

प्रश्न : हे बर्न नेमके कोण? इतक्या लहान वयात आमदार कसे झाले? (एक वाचक, सातारा)

पूर्व टेनेसीत मॅकमिन नावाची काउंटी, म्हणजे जिल्हा, आहे. तिथल्या नायोटा या छोट्या गावात १२ नोव्हेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. त्या वेळी गावाचे नाव माउस क्रीक होते, नायोटा हे नाव दोन वर्षांनी आले. वडील गावाच्या रेल्वे स्थानकावर एजंट होते आणि घरची शेतीही होती. हॅरी १९११ मध्ये गावच्याच हायस्कुलातून बाहेर पडले आणि पुढे सदर्न रेल्वेत नोकरीला लागले. १९१६ मध्ये वडील वारले. त्यानंतर शेतीचा सगळा व्याप आई फेब बर्न पाहत होत्या.

टेनेसीच्या राज्यघटनेनुसार खालच्या सभागृहाचा सदस्य होण्यासाठी २१ वर्षे पुरी असली की चालत. वरच्या सभागृहासाठी, म्हणजे राज्य सिनेटसाठी, ३० वर्षांची अट होती. नोव्हेंबर १९१८ च्या निवडणुकीत बर्न रिपब्लिकन पक्षातर्फे निवडून आले तेव्हा त्यांना २३ वे पूर्ण व्हायला आठवडाच बाकी होता. सभागृहात त्यांच्यापेक्षा लहान कोणी नव्हते. टेनेसी एकूण डेमोक्रॅट पक्षाचे राज्य असले तरी पूर्वेकडचा डोंगराळ भाग यादवी युद्धापासून रिपब्लिकन होता. बर्न त्या भागातून आले होते. १९२० मधला त्यांचा निर्णय समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

प्रश्न : त्या काळी अमेरिकेत राज्याच्या आमदाराला पगार किती असे? नोकरी सांभाळून हे काम कसे जमे? (एक वाचक, नागपूर)

टेनेसीची १८७० ची राज्यघटना याबाबत अगदी काटेकोर होती. आमदाराला दिवसाला ४ डॉलर मिळत आणि राजधानीला येण्याजाण्यासाठी दर २५ मैलांमागे ४ डॉलर. नियमित अधिवेशनात जास्तीत जास्त ७५ दिवसांचा भत्ता, बोलावलेल्या खास अधिवेशनात फक्त २० दिवसांचा. म्हणजे खास अधिवेशन कितीही लांबले तरी प्रवासभत्ता सोडून हाती ८० डॉलरच पडत. नायोटाहून नॅशव्हिल हे राजधानीचे शहर रेल्वेने सुमारे २०० मैलांवर. नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा भरे.

एवढ्या पैशात पोट भरणे शक्य नव्हते. त्यामुळे बहुतेक आमदार मुळात वकील, शेतकरी, दुकानदार किंवा नोकरदार असत आणि अधिवेशनापुरते नॅशव्हिलला येत. बर्न रेल्वेतली नोकरी करत होते, शिवाय कायद्याचा अभ्यास करत होते. हा अभ्यास एखाद्या जुन्या वकिलाच्या हाताखाली करण्याची पद्धत होती. बर्न ज्यांच्या मार्गदर्शनाखाली शिकत होते ते हर्शेल कँडलर हे मॅकमिन काउंटीतलेच, राज्य सिनेटचे सदस्य आणि स्त्रियांच्या मताधिकाराचे कडवे विरोधक. तेव्हा बर्न यांच्यावर दबाव मतदारसंघाचा होताच, आणि ज्यांच्याकडे पुढची सगळी वाट होती त्या गुरूंचाही होता. त्यातच नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक उभी होती.

प्रश्न : देशाच्या घटनेची दुरुस्ती एका राज्याच्या आमदारांवर कशी येऊन ठेपली? (एक वाचक, पुणे)

अमेरिकेत घटनादुरुस्तीला दोन टप्पे लागतात. आधी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते, मग तीन चतुर्थांश राज्यांची मान्यता. स्त्रियांच्या मताधिकाराची १९ वी दुरुस्ती प्रतिनिधीगृहात २१ मे १९१९ रोजी ३०४ विरुद्ध ८९ मतांनी आणि सिनेटमध्ये ४ जून १९१९ रोजी ५६ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाली. तेव्हा राज्ये ४८ होती, म्हणजे ३६ राज्यांचा होकार हवा होता. मार्च १९२० मध्ये वॉशिंग्टन राज्याने ३५ वा होकार दिला आणि तिथे गाडी अडली. डेलावेअरने नकार दिला. कनेटिकट आणि व्हरमाँटचे गव्हर्नर अधिवेशनच बोलावत नव्हते. उत्तर कॅरोलायनाच्या सिनेटने १७ ऑगस्टला २५ विरुद्ध २३ मतांनी प्रश्न पुढच्या वर्षावर ढकलला. त्याच आठवड्यात टेनेसीचे सभागृह निर्णयाला बसले होते.

टेनेसीत आणखी एक अडचण होती आणि ती बहुतेक लेखांत गाळली जाते. राज्यघटनेच्या दुसऱ्या प्रकरणातले ३२ वे कलम सांगत होते की देशाच्या घटनेची दुरुस्ती राज्यांकडे आल्यानंतर निवडून आलेले विधिमंडळच तिच्यावर निर्णय घेऊ शकेल. दुरुस्ती आली जून १९१९ मध्ये आणि बर्न यांचे सभागृह निवडून आले होते १९१८ मध्ये. कलम पाळायचे तर या सभागृहाला त्या दुरुस्तीला हात लावता येत नव्हता. पण १ जून १९२० रोजी ओहायोच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की दुरुस्तीला मान्यता देण्याचा अधिकार देशाची घटना विधिमंडळाला देते, राज्याला त्यावर सार्वमताची अट घालता येत नाही. त्याच तर्काने टेनेसीचे कलमही लागू पडत नाही असे केंद्राच्या कायदेतज्ज्ञांचे मत पडले. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी गव्हर्नर रॉबर्ट्स यांना तार केली आणि ९ ऑगस्टला खास अधिवेशन भरले. विरोधकांनी मात्र ३२ व्या कलमाची ढाल शेवटपर्यंत खाली ठेवली नाही. ज्या आमदाराला स्त्रियांच्या विरोधात आहे असे उघड म्हणायचे नव्हते त्याला 'मी राज्यघटनेची शपथ घेतली आहे' हे म्हणणे सोपे जाई.

प्रश्न : १८ ऑगस्टला सभागृहात क्रमाने काय घडले? काही ठिकाणी ४८–४८, काही ठिकाणी ४९–४७ आणि काही ठिकाणी ५०–४६ असे आकडे वाचले. खरा कोणता? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

तिन्ही खरे आहेत. ते एकाच दिवसाच्या वेगवेगळ्या क्षणांचे आहेत, आणि हा क्रम नीट लावल्याशिवाय बर्न यांनी काय केले ते कळत नाही.

राज्य सिनेटने १३ ऑगस्टला २५ विरुद्ध ४ अशी मान्यता दिली होती. खालच्या सभागृहापुढे प्रश्न एवढाच होता की सिनेटच्या संयुक्त ठराव क्रमांक १ ला सहमती द्यायची की नाही. सभागृहाची सदस्यसंख्या ९९, त्या दिवशी मते पडली ९६. मताधिकाराचे समर्थक कोटाला पिवळे गुलाब लावत आणि विरोधक लाल. सज्जातले लोक गुलाब मोजूनच अंदाज बांधत होते आणि अंदाज विरोधकांच्या बाजूने होता. बर्न यांच्या कोटाला लाल गुलाब होता.

सभागृहाचे अध्यक्ष सेथ वॉकर आधी समर्थक म्हणून ओळखले जात, नंतर ते उघडपणे विरोधात गेले होते. आपली मते पुरेशी आहेत अशी खात्री झाल्यावर त्यांनी खुर्ची दुसऱ्याकडे सोपवली आणि खाली येऊन प्रस्ताव मांडला: ठराव बाजूला ठेवावा. असा प्रस्ताव मंजूर झाला की चर्चा थांबते आणि मूळ प्रश्नावर कोणालाही हो की नाही सांगावे लागत नाही. ठराव तिथेच संपतो आणि दोष कोणा एकावर येत नाही. कुंपणावर बसलेल्या आमदारासाठी याहून सोयीचा रस्ता नव्हता.

नावे पुकारली गेली. बर्न यांनी बाजूला ठेवण्याच्या बाजूने मत दिले. गिब्सन काउंटीचे डेमोक्रॅट आमदार बँक्स टर्नर विरोधकांच्या हिशेबात धरले होते, त्यांनी मात्र उलट मत दिले. निकाल ४८–४८. समसमान मते पडली की प्रस्ताव पडतो, म्हणजे ठराव जिवंत राहिला. वॉकर यांनी पुन्हा नावे पुकारायला लावली आणि स्वतः टर्नर यांच्या शेजारी जाऊन, खांद्यावर हात टाकून त्यांची समजूत घालू लागले. टर्नर हलले नाहीत. पुन्हा ४८–४८. टर्नर यांनी या वेळी मान टाकली असती तर ४९–४७ ने ठराव बाजूला पडला असता आणि आज बर्न यांचे नाव कोणाला माहीत नसते. टर्नर यांच्या वाट्याला फार कमी श्रेय आले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता मूळ प्रश्न आला: सहमती द्यायची का? इथे गणित उलटते. आधी समसमान मतांनी ठराव वाचवला होता. आता तीच समसमान मते पडली असती तर ठराव मेला असता, कारण मंजुरीला बहुमत लागते. म्हणजे ज्यांनी आतापर्यंत ४८ मते दिली त्या समर्थकांना आणखी एक मत हवेच होते, आणि विरोधकांना काहीच करायची गरज नव्हती. सगळे जिथल्या तिथे राहिले की पुरे.

इंग्रजी वर्णक्रमामुळे बर्न यांचे नाव यादीत वर होते. त्यांनी 'हो' म्हटले आणि पुढची नावे पुकारली जाऊ लागली. कोटाला लाल गुलाब लावलेल्या माणसाने 'हो' म्हटले, हे अनेकांच्या लगेच ध्यानात आले नाही. यादीच्या शेवटाकडे असलेले टर्नर यांचेही मत होकारार्थी पडले. निकाल ४९–४७.

५०–४६ हा आकडा त्यानंतरचा. वॉकर यांनी निकाल ऐकून लगेच स्वतःचे 'नाही' बदलून 'हो' केले. त्यांचे मन बदलले नव्हते. फेरविचाराची मागणी जिंकलेल्या बाजूच्या सदस्यालाच करता येते असा नियम होता, म्हणून त्यांनी ही चाल केली. पण तिचा एक परिणाम त्यांच्याच अंगाशी आला. ९९ च्या सभागृहात ४९ म्हणजे एकूण सदस्यांचे बहुमत नव्हे, आणि त्यावरून पुढे वाद घालता आला असता. वॉकर यांच्या मताने आकडा ५० वर गेला आणि ती पळवाट बुजली.

प्रश्न : आईच्या पत्रात काय होते? पत्र आले आणि मुलाने मत फिरवले, इतके ते सरळ होते का? (एक वाचक, ठाणे)

पत्र खरे आहे आणि त्या सकाळी ते बर्न यांच्या खिशात होते, हेही खरे. मात्र ते सात पानी घरगुती पत्र आहे. बरीचशी पाने घरच्या आणि गावच्या खबरबातीची आहेत. त्या बातम्यांच्या मध्येमध्ये राजकारण येते: मताधिकाराच्या बाजूने मत दे, लोकांना ताटकळत ठेवू नकोस, विरोधातली भाषणे वाचली, कँडलर यांचे फार कडवट होते, तू कोणत्या बाजूला आहेस ते वर्तमानपत्रात शोधत होते पण अजून काही दिसले नाही. शेवटी शहाण्या मुलासारखे वागून चळवळीच्या नेत्या कॅरी चॅपमन कॅट यांना मदत कर, असे सांगितले आहे.

फेब बर्न कॉलेजात शिकलेल्या, शिक्षिका राहिलेल्या बाई होत्या आणि घरी बरीच वर्तमानपत्रे, मासिके मागवत. शेतीचे सगळे व्यवहार त्या पाहत, कर भरत, आणि त्यांच्या शेतावर राबणाऱ्या निरक्षर गड्यांना मत होते, त्यांना नव्हते. मुलाला हा युक्तिवाद नवा नव्हता.

म्हणून पत्राने चमत्कार केला असे आम्ही म्हणणार नाही. बर्न यांचे दोन्ही वेळचे वागणे एकमेकांच्या विरुद्ध नव्हते. प्रश्न बाजूला ठेवला गेला असता, तर येत्या निवडणुकीपर्यंत मतदारसंघाला तोंड देणे सोपे होते. पण ठरावावर थेट मत द्यायची वेळ आली आणि आपल्या एका 'नाही'ने तो पडणार हे दिसले, तेव्हा त्यांनी हात आखडला नाही. गरज पडली तर माझ्या मताने तुमचे नुकसान होणार नाही, असे त्यांनी आधी सांगितल्याचे समर्थकांच्या आठवणींत आहे.

दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, त्यांनी सभागृहाच्या कामकाजात आपले निवेदन नोंदवून घेतले. त्यात कारणे क्रमाने आहेत. पूर्ण मताधिकार हा हक्क आहे असे मी मानतो, हे पहिले. मान्यता देण्याचा आपल्याला नैतिक आणि कायदेशीर अधिकार होता, हे दुसरे, आणि ते ३२ व्या कलमाच्या आक्षेपाला दिलेले थेट उत्तर आहे. आईचा सल्ला मुलाने मानावा यातच त्याची सुरक्षितता असते आणि माझ्या आईची इच्छा होती, हे तिसरे. १ कोटी ७० लाख स्त्रियांना राजकीय गुलामीतून सोडवण्याची संधी माणसाला क्वचितच मिळते, हे चौथे. आणि आपल्या पक्षाला सांगता यावे की पूर्व टेनेसीच्या डोंगराळ भागातल्या एका रिपब्लिकनाने हे काम पार पाडले, हे पाचवे. वर्तमानपत्रांनी यातले तिसरे उचलले आणि बाकी चार मागे पडली. आमच्या दृष्टीने दुसरे आणि पाचवे वाचल्याशिवाय हा माणूस आमदार म्हणून कळत नाही.

प्रश्न : मत दिल्यावर जमाव मागे लागला, ते खिडकीतून निसटले आणि पोटमाळ्यावर लपले असे वाचले. लाच घेतल्याचाही आरोप होता म्हणे. (एक वाचक, बेळगाव)

खिडकीची आणि पोटमाळ्याची गोष्ट रंगवून सांगितली जाते. तिला आधार आहे असे आम्ही मानत नाही. संताप होता, सभागृहात गोंधळ झाला, एवढे खरे.

लाचेचा आरोप मात्र गंभीर होता. बर्न यांना पैसे देऊन फिरवले अशी शपथपत्रे विरोधकांनी तयार केली. १९ तारखेच्या निवेदनाचे तातडीचे कारण हा आरोपच होता. बर्न यांनी तो तिथल्या तिथे नाकारला आणि वर दिलेली कारणे मांडली. मग पत्रच बनावट आहे असे ठरवण्याचा प्रयत्न झाला. लुइझियानाच्या माजी गव्हर्नरांच्या पत्नी नायोटाला जाऊन फेब बर्न यांना भेटल्या आणि पत्र आपण लिहिले नाही असे त्यांच्याकडून वदवून घेण्याचा त्यांनी खटाटोप केला. फेब बर्न यांनी उलट तार पाठवली: पत्र माझेच आहे, कोणी काही म्हणाले तर खुशाल खोडून काढा. आरोप टिकला नाही.

प्रश्न : वॉकर यांच्या फेरविचाराचे पुढे काय झाले? (एक वाचक, औरंगाबाद)

फेरविचाराची मुदत शनिवारी, २१ ऑगस्टला संपत होती. तोपर्यंत वॉकर यांना एखादा तरी आमदार फोडायचा होता. तो फुटेना. तेव्हा विरोधी आमदारांच्या एका गटाने २० तारखेच्या रात्री रेल्वे पकडली आणि शेजारच्या अलाबामा राज्यातले डिकेटर गाठले. हेतू गणपूर्ती मोडण्याचा होता. राज्याबाहेर गेलेल्या आमदाराला पकडून आणता येत नाही. २१ तारखेला उरलेल्या सदस्यांनी सभागृह भरवले आणि फेरविचाराचा प्रस्ताव फेटाळून लावला. गणपूर्ती नसताना हे झाले, असा विरोधकांचा आक्षेप राहिलाच.

दरम्यान एका न्यायाधीशाने गव्हर्नरांना मान्यतेचे प्रमाणपत्र पाठवण्यास मनाई केली होती. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयातून ती मनाई दूर झाली आणि २४ ऑगस्टला गव्हर्नर रॉबर्ट्स यांनी सही करून कागद रजिस्टर टपालाने वॉशिंग्टनला धाडला. २६ ऑगस्टच्या पहाटे तो पोहोचला. परराष्ट्रमंत्री बेनब्रिज कोल्बी यांनी सकाळी आपल्या घरीच सही करून दुरुस्ती लागू झाल्याचे जाहीर केले. सहीच्या वेळी चळवळीतली एकही स्त्री तिथे नव्हती. महिनाअखेर टेनेसीच्या सभागृहाने आधीची सहमती मागे घेणारे मतही दिले, पण तोवर घोषणा झाली होती.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २७ फेब्रुवारी १९२२ च्या निकालात न्यायालयाने एकमताने सांगितले की राज्याकडून रीतसर कळवले गेले आणि परराष्ट्रमंत्र्यांनी ते प्रमाणित केले की न्यायालय त्याच्या मागे जाणार नाही. शिवाय तोपर्यंत कनेटिकट आणि व्हरमाँट यांचीही मान्यता आलेली होती. त्यामुळे बर्न यांनी मत दिले नसते तर अमेरिकेत स्त्रियांना मत मिळालेच नसते, हे म्हणणे अतिशयोक्तीचे आहे. २ नोव्हेंबर १९२० ची अध्यक्षीय निवडणूक मात्र लाखो स्त्रियांच्या हातून निसटली असती, आणि ते नुकसान थोडे नव्हते.

प्रश्न : त्यानंतर बर्न यांचे राजकारण संपले का? (एक वाचक, इंदूर)

नाही. त्याच नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आले आणि १९२३ पर्यंत सभागृहात राहिले. गव्हर्नर रॉबर्ट्स मात्र त्या निवडणुकीत पडले. १९२३ मध्ये बर्न यांना वकिलीची सनद मिळाली. १९३० मध्ये त्यांनी गव्हर्नरपदासाठी पक्षाची उमेदवारी मागितली, ती मिळाली नाही. १९४९ ते १९५३ ते राज्य सिनेटमध्ये होते. पुढे रॉकवुड गावच्या बँकेचे अध्यक्षपद आणि राज्याच्या नियोजन आयोगावरचे सदस्यत्व त्यांच्याकडे आले. १९ फेब्रुवारी १९७७ रोजी नायोटातच त्यांचे निधन झाले. आई १९४५ मध्ये गेल्या होत्या.

त्यांच्या उत्तरायुष्यातले सगळ्यात महत्त्वाचे काम आम्हाला राज्यघटनेच्या परिषदांमधले वाटते. १९५३, १९५९, १९६५ आणि १९७१ या चारही परिषदांत ते प्रतिनिधी होते. १८७० नंतर टेनेसीच्या राज्यघटनेत १९५३ पर्यंत एकही दुरुस्ती झालेली नव्हती. १९५३ च्या परिषदेने गव्हर्नरांची मुदत दोनाची चार वर्षे केली, आमदारांचा तो जुना ४ डॉलरचा भत्ता बदलला आणि मतदानासाठी भरावा लागणारा डोईकर राज्यघटनेतून काढला. १९६५ ची परिषद मतदारसंघांच्या फेररचनेची होती. टेनेसीने १९०१ नंतर जागांची फेरवाटणीच केली नव्हती, आणि त्यावरून १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा देशभर गाजलेला निकाल लागला होता. म्हणजे बर्न ज्या सभागृहात १९१९ मध्ये पहिल्यांदा बसले त्याची जागावाटपाची जुनी घडी मोडण्याच्या कामातही ते होते. एका मतासाठी लक्षात राहिलेल्या माणसाने पुढची पन्नास वर्षे राज्यकारभाराच्या अशा रूक्ष कामात घालवली, याचा आम्हाला मनापासून आदर वाटतो.

प्रश्न : १९२० नंतर सगळ्या अमेरिकन स्त्रियांना मत देता आले का? (एक वाचक, पणजी)

नाही. दुरुस्ती एवढेच सांगते की स्त्री आहे म्हणून मत नाकारता येणार नाही. दक्षिणेत कृष्णवर्णीय पुरुषांना ज्या युक्त्यांनी रोखले जाई, म्हणजे डोईकर, साक्षरतेची परीक्षा, धाकदपटशा, त्याच कृष्णवर्णीय स्त्रियांवर वापरल्या गेल्या. मूळनिवासी लोकांना सरसकट नागरिकत्व मिळाले ते १९२४ मध्ये, आणि तरीही काही राज्यांनी त्यांना मतदानापासून दूर ठेवले. टेनेसीत चित्र थोडे वेगळे होते. १९१९ च्या राज्य कायद्याने स्त्रियांना नगरपालिका आणि अध्यक्षीय निवडणुकीत मत मिळाले होते. नॅशव्हिलमध्ये फ्रँकी पिअर्स यांच्यासारख्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी संघटना बांधली होती. मे १९२० मध्ये पिअर्स राज्याच्या विधानभवनात भरलेल्या स्त्रियांच्या सभेत बोलल्या होत्या.

प्रश्न : त्याच सुमारास आपल्याकडे काय स्थिती होती? (एक वाचक, मुंबई)

इथेही निर्णय प्रांतांच्या सदस्यांवरच सोपवला होता. १९१९ च्या सुधारणा कायद्याखालच्या नियमांनी स्त्रियांना मत दिले नाही, पण प्रांतिक कायदे कौन्सिलने ठराव केला तर अडसर दूर होईल अशी तरतूद ठेवली. १९२१ मध्ये आधी मद्रासने आणि पाठोपाठ त्याच वर्षी मुंबईने तसा ठराव केला. मालमत्तेची अट पुरुषांप्रमाणे कायम राहिल्याने प्रत्यक्ष मतदार स्त्रिया फार थोड्या झाल्या.

प्रश्न : महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी बर्न हा विषय घेतला आहे. काय पाहावे, कुठे चुकते? (एक विद्यार्थी, जळगाव)

पहिले म्हणजे टेनेसी प्रतिनिधीगृहाचे १९२० च्या खास अधिवेशनाचे कामकाज. १८ ऑगस्टच्या नोंदीत तिन्ही वेळची नावनिशीवार मते वेगवेगळी उतरवून घ्या. बाजूला ठेवण्याच्या प्रस्तावावर 'हो' म्हणजे मताधिकाराला विरोध आणि मूळ ठरावावर 'हो' म्हणजे पाठिंबा. सर्वाधिक चुका इथेच होतात. मग १९ ऑगस्टचे बर्न यांचे निवेदन पूर्ण वाचा, फक्त आईचे वाक्य उचलू नका. या अधिवेशनाची कागदपत्रे नॅशव्हिलच्या राज्य ग्रंथालय आणि अभिलेखागारात आहेत. बर्न यांचे कागद आणि आईचे पत्र नॉक्सव्हिलच्या सार्वजनिक ग्रंथालयातील मॅक्लंग संग्रहात आहेत. त्याच शहरात २०१८ पासून मायलेकांचा पुतळाही आहे.

तारखांची गल्लत टाळा: १८ ऑगस्टला सभागृहाचे मत, २४ ला गव्हर्नरांची सही, २६ ला देशभर लागू. जुन्या नोंदींत गाव माउस क्रीक नावाने शोधा. आडनाव 'बर्न' आहे, जुन्या वर्तमानपत्रांत शेवटी 'स' जोडलेले सापडते, तेव्हा दोन्ही प्रकारे शोध घ्या. आणि बँक्स टर्नर यांच्यासाठी प्रकल्पात एक स्वतंत्र परिच्छेद ठेवा.